झोन नक्की कुणाचा? झिंक कॉम्प्लेक्सच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, ताळगाव पठार

विषय पक्का झाला. सॅलिसिलाल्डिहाइड आणि इथिलीनडायअमाइन यांपासून सॅलेन हा शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन जोडून C=N बंध तयार झालेला) लिगंड, म्हणजे धातूला धरणारा रेणू, बनवायचा, त्याचा झिंकशी जोडलेला कॉम्प्लेक्स करायचा, रचना तपासायची आणि जिवाणूंवर लावून बघायचा. वर्गातल्या बाकीच्यांनी तांबे, निकेल, कोबाल्ट घेतले. त्यांची मजा असते, फ्लास्कमध्ये रंग पालटला की निम्मी बातमी तिथेच कळते. झिंक(II)चे डी-कवच दहा इलेक्ट्रॉनांनी भरलेले. म्हणजे डी-डी संक्रमण नाही, चुंबकत्व नाही, अमुकच भूमिती हवी असा आग्रहही नाही. चार, पाच, सहा, लिगंड ठेवील तसे राहते. फायदा एकच, पण मोठा: एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे कसे आहेत ते दाखवणारे मोजमाप) स्वच्छ मिळतो.

या विषयावरचे पेपर वाचायला घेतले आणि दोन दिवसांत कंटाळा आला. शेवटचा परिच्छेद बहुतेकांचा सारखाच. लिगंडपेक्षा कॉम्प्लेक्सचा झोन (प्लेटवर जिवाणू न वाढलेला गोल) मोठा, कारण ट्वीडीचा चिलेशन सिद्धान्त (१९६४): धातूचा धनभार लिगंडमध्ये वाटला जातो, रेणू अधिक मेदप्रिय होतो, पेशीच्या पडद्यातून सहज आत जातो. त्याला जोडून ‘ओव्हरटोनची संकल्पना’: मेदात विरघळते ते पडद्यातून आत जाते. माणसाचे नाव अर्नेस्ट ओव्हर्टन, पण कुणीतरी एकदा ओव्हरटोन लिहिले आणि तेच पुढे उतरवले जात आहे. नाव तपासलेले नाही तर युक्तिवाद तरी तपासला असेल का, ही शंका आली. प्रकल्पाच्या गाइड मॅडमना बोलून दाखवली. म्हणाल्या, "मग तूच तपास ना. कंट्रोल नीट लाव, बाकी बघू."

१० जुलै

पावसाने कहर केला आहे. डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल परवा ओव्हनमध्ये भाजून ठेवली होती, आज गुलाबी. (ती निळी-गुलाबी होते तीसुद्धा कोऑर्डिनेशन केमिस्ट्रीच. कोरडा कोबाल्ट क्लोराइड निळा, पाणी धरले की गुलाबी.) झिंक क्लोराइडची बाटली उघडून पाहिली तर आत पेज झाली होती. ते हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते, आणि जुलैतल्या गोव्यात त्याला पाणी कमी पडत नाही. म्हणून झिंक ॲसिटेट डायहायड्रेट घ्यायचे ठरले. दोन पाणी ठरलेली, वजनाचा हिशेब सरळ, शिवाय ॲसिटेट स्वतःच सौम्य बेस असल्याने लिगंडवरचे फिनॉलचे प्रोटॉन तेच उचलते.

१५ जुलै

लिगंड झाला. सॅलिसिलाल्डिहाइड २.१ मिली, म्हणजे २० मिलिमोल, गरम इथेनॉलमध्ये. इथिलीनडायअमाइन ०.६७ मिली, १० मिलिमोल, थोड्या इथेनॉलमध्ये मिसळून थेंबथेंब. अमाइनची बाटली दमट हवेत उघडली की धूर सोडते, त्यामुळे फ्यूम हूडखालीच.

हे पाहण्यासारखे असते. पहिल्या थेंबाला द्राव पिवळा, पाचव्या-सहाव्या थेंबानंतर ढवळत्या भोवऱ्यात चमकत्या पिवळ्या चकत्या फिरू लागतात, आणि अमाइन संपेपर्यंत अख्खा फ्लास्क घट्ट. स्टररची कांडी अडकली, हाताने हलवावे लागले. अर्धा तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत उकळणे), मग बर्फात थंड केले, गाळले, थंड इथेनॉलने धुतले.

वितळबिंदू १२६-१२७ अंश, छापील आकड्याशी जुळतो. ह्युगो शिफने ही अभिक्रिया १८६४ मध्ये मांडली. अल्डिहाइड आणि अमाइन जोडताना पाणी बाहेर पडते. उलट पाणी घातले तर तुटूही शकते. हे शेवटचे वाक्य वहीत ठळक करून ठेवले आहे.

इथेनॉल मात्र जपून वापरायला हवे. बाहेर दर दोन दुकानांआड काजू फेणी मिळते, आणि लॅबमधल्या ॲब्सोल्यूट अल्कोहोलच्या प्रत्येक बाटलीची नोंद रजिस्टरमध्ये. पुढची पायरी मेथॅनॉलमध्येच करीन.

२२ जुलै

कॉम्प्लेक्स. लिगंड १.३४ ग्रॅम, झिंक ॲसिटेट १.१० ग्रॅम, प्रत्येकी ५ मिलिमोल, मेथॅनॉल, तीन तास रिफ्लक्स. पेपरांत ट्रायइथिलअमाइन हा बेस घालायला सांगतात. मी घातले नाही. बेस जास्त झाला की झिंक हायड्रॉक्साइड पांढरे होऊन बसते आणि कॉम्प्लेक्सही फिकाच, म्हणजे डोळ्यांना फरक कळायचा नाही.

गडद पिवळा रंग उतरून फिकट साय-पिवळा झाला. साध्या उजेडात काही विशेष नाही. पण वॉच ग्लास ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरला तर झगझगीत निळा. शेजारी लिगंड ठेवला, तो जवळजवळ मंद. झिंक बसले की लिगंडची ढिली हालचाल बांधली जाते आणि शोषलेली ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाशाने बाहेर पडते. तांब्याच्या गटातली मुले दिवा मागायला आली, त्यांच्या कॉम्प्लेक्सला चमक नाही. अर्धवट भरलेले डी-कवच ती गिळून टाकते. आज पहिल्यांदा झिंक घेतल्याचे बरे वाटले.

३० जुलै

आयआर, म्हणजे इन्फ्रारेड शोषणावरून बंध ओळखणे. दोन वेळा केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) मध्ये नमुना दाबून पेलेट केली, दोन्ही वेळा ३४०० ला पाण्याचे रुंद पोट. ते दिसते म्हणून चटकन कळते. खरा त्रास पुढे आहे. पाण्याच्या रेणूचे वाकणे १६३० ते १६४० च्या दरम्यान येते, आणि माझ्या लिगंडचा C=N नेमका १६३५ ला. केबीआर ओले असेल तर मी लिगंडचा बंध मोजते आहे की ताळगावचा पाऊस, हे सांगता येणार नाही. लॅब असिस्टंटनी तोडगा सुचवला: केबीआर रात्रभर ११० अंशांवर, खलबत्ता आणि डायसुद्धा ओव्हनमध्ये, आणि पेलेट दाबल्यावर गप्पा न मारता सरळ यंत्रात. तिसरी पेलेट काचेसारखी निघाली.

C=N खाली १६२० च्या आसपास आला, म्हणजे नायट्रोजनने झिंकला इलेक्ट्रॉन दिले. फिनॉलचा C-O वर सरकला. ॲसिटेटचे पट्टे नाहीत, तेव्हा दोन्ही ॲसिटेट गेले. ३४०० चे पोट मात्र कॉम्प्लेक्समध्ये उरलेच. हे पाणी हवेतले की कॉम्प्लेक्सचे स्वतःचे?

६ ऑगस्ट

पाण्याचा निकाल ब्युरेटने लावला. इतकी वर्षे करत आलेली तीच ईडीटीए टायट्रेशन (ईडीटीए धातूला एकास एक धरते), पण आज तिला काम मिळाले. कॉम्प्लेक्स १७५ मिलिग्रॅम, तीव्र नायट्रिक आम्लात उकळून लिगंड जाळला, उदासीन केला, १०० मिलीपर्यंत वाढवला. २० मिली घेऊन पीएच १० चा अमोनिया बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक, ०.०१ मोलर ईडीटीए. लालसर जांभळ्यातून निळा.

हिशेब असा: कॉम्प्लेक्स कोरडा असेल तर (रेणूभार ३३१.७) ब्युरेट १०.५५ मिली दाखवील, एक पाणी धरलेला असेल तर (३४९.७) १०.०. माझे वाचन सलग १०.१. झिंक १८.९ टक्के, एका पाण्याच्या सूत्राला १८.७ हवे, कोरड्याला १९.७. म्हणजे एक पाणी आहे.

एनएमआरही आला. लिगंडचा १३.४ पीपीएमचा फिनॉल प्रोटॉन कॉम्प्लेक्समध्ये साफ गायब. अझोमिथीनचे (C=N वरच्या हायड्रोजनचे) शिखर ८.६ वरून ८.४ वर आणि एकटेच, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. ३.३३ ला पाणी दिसते, पण डीएमएसओ या द्रावकात ते नेहमीच दिसते, त्यावर काही बांधायचे नाही.

२१ ऑगस्ट

चवथीआधी स्फटिकांना बसवले. कॉम्प्लेक्स गरम मेथॅनॉल आणि थोड्या डीएमएफ या द्रावकात विरघळवला, गाळून लहान व्हायल्समध्ये, वर पॅराफिल्मला टाचणीने भोके. काही व्हायल्स इथरच्या बंद बाटलीत उभ्या. २७ ला चतुर्थी. पुढचे दिवस इमारतीत माणूस नाही, लिफ्ट नाही, शेजारच्या लॅबचा व्हॅक्यूम पंप नाही. स्फटिकाला हेच हवे असते. मी डिचोलीला घरी. आई आत्ताच विचारते आहे की माटोळीला (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताला) काय काय आणायचे.

८ सप्टेंबर

इथरच्या बाटलीतल्या व्हायल्समध्ये केसासारख्या सुया, क्ष-किरणांना निरुपयोगी. पण हळू उडवलेल्या एका व्हायलच्या तळाशी ठोकळे! फिकट पिवळे, कडा धारदार. मायक्रोस्कोपखाली ध्रुवित प्रकाशात फिरवले तर एकदम काळे आणि एकदम उजळ होतात, म्हणजे एकसंध.

९ सप्टेंबर

क्ष-किरणांच्या यंत्रावर आधी युनिट सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान पेटीची मापे, मोजतात, काही मिनिटांचे काम. मग तो केंब्रिजच्या डेटाबेसमध्ये टाकला (१९६५ पासून जगभरच्या रचना तिथे साठवत आले आहेत). तंतोतंत जुळला. ही रचना आधीच तिथे आहे. तेव्हा पूर्ण डेटा घेण्यात यंत्राचा वेळ घालवू नका, असे ठरले.

थोडी हिरमुसले, खरे सांगायचे तर. पण माझ्या भुकटीचा पावडर पॅटर्न (तिने क्ष-किरण कसे विखुरले त्याचा आलेख) त्या रचनेवरून काढलेल्या पॅटर्नशी ताडून पाहिला, आणि माझ्या बाटलीत काय आहे हे आता शंभर टक्के माहीत आहे: पायाच्या चौकोनात दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजन, शिखरावर पाण्याचा ऑक्सिजन, आणि झिंक चौकोनाच्या पातळीतून जरा वर, पाण्याकडे उचललेले. चौकोनी पिरॅमिड. पाचव्या जागेवर पाणी नसेल तर झिंक स्वस्थ बसत नाही. शेजारच्या रेणूचा फिनॉक्साइड ऑक्सिजन धरून जोडी करते. डोक्यातल्या कोंड्याच्या शाम्पूमधला झिंक पायरिथिओनसुद्धा स्फटिकात अशीच जोडी करून पाच बंध पुरे करतो. (तो कॉम्प्लेक्स खरोखर काम करणारा. तरी युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांतून बाद केला, प्रजननावरच्या परिणामांमुळे.)

२४ सप्टेंबर

मायक्रोबायोलॉजीतल्या मैत्रिणीबरोबर आराखडा. तिची अट पहिली: कल्चर तिच्या लॅबबाहेर जाणार नाही, मी तिथे जाणार, ॲप्रन तिथलाच. दोन जिवाणू: स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी म्हणजे जिवाणूंचा प्रमाणित संग्रह, आकडा त्यातला क्रमांक).

माझी अट: सगळे मोलमध्ये. लिगंडचा रेणूभार २६८, कॉम्प्लेक्सचा ३५०. "दोन्ही मिलिलिटरला १ मिलिग्रॅम" म्हटले की लिगंडचे रेणू जास्त पडतात, आणि झिंक ॲसिटेटची तुलना तर पारच कोसळते. सगळे ५० मिलिमोलर, डीएमएसओमध्ये.

आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने. नुसता डीएमएसओ. नुसता लिगंड. नुसते झिंक ॲसिटेट. पेपरांत बहुधा इथेच थांबतात, काहींत झिंक ॲसिटेटही नसते. मी दोन वाढवले: सॅलिसिलाल्डिहाइड दुप्पट मोल (एका लिगंडमधून दोन निघतात), आणि लिगंड व झिंक ॲसिटेट ऐन वेळी एकत्र केलेले मिश्रण. मैत्रीण म्हणाली, "एवढ्या विहिरी एका प्लेटमध्ये मावायच्या नाहीत गं." दोन प्लेट करू. (विहिरी म्हणजे प्लेटमधल्या जेलीत पाडलेली भोके, त्यांत द्रावण भरायचे.)

८ ऑक्टोबर

म्युलर-हिंटन अगर (जिवाणू वाढवायची जेली), ४ मिमी थर. ०.५ मॅकफार्लंडची (गढूळपणाच्या मापाची) घनता, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी पेशी. ६ मिमीच्या कॉर्क बोररने विहिरी. मैत्रिणीचा स्वॅब फिरवण्याचा हात पाहत राहावा असा: प्लेट साठ अंशांनी वळवत तीनदा, शेवटी कडेने एक फेरा, कुठे रेघ राहत नाही.

९ ऑक्टोबर

स्टॅफवर कॉम्प्लेक्स १४ मिमी, लिगंड ९, डीएमएसओ शून्य. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची ५ मायक्रोग्रॅमची चकती २६, ठरलेल्या २२ ते ३० च्या मर्यादेत, तेव्हा प्लेट विश्वासाची. ई. कोलायवर कॉम्प्लेक्स जेमतेम ९. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या लिपोपॉलिसॅकराइडच्या भिंतीमुळे हे अपेक्षितच.

इथे वही मिटली असती तर ट्वीडीचे वाक्य लिहून मोकळी झाले असते. १४ विरुद्ध ९, झाले! पण त्याच प्लेटवर झिंक ॲसिटेट १२, सॅलिसिलाल्डिहाइड ११, आणि मिश्रण: १४.

मिश्रणाचा अर्थ सरळ लावता येत नाही, हेही खरे. डीएमएसओमध्ये लिगंड आणि ॲसिटेट भेटले की तिथेच थोडा कॉम्प्लेक्स होणारच. तेव्हा प्रश्न उलटा विचारायला हवा: विहिरीतून अगरमध्ये उतरल्यावर माझा कॉम्प्लेक्स कॉम्प्लेक्स राहतो का?

शिवाय झोन म्हणजे मारक शक्ती नव्हे. जो रेणू अगरमधून पळतो त्याचा झोन मोठा, जो विहिरीतच साका धरतो त्याचा लहान. माझ्या कॉम्प्लेक्सच्या विहिरींच्या तळाशी फिकट पिवळा गाळ दिसत होता.

१७ ऑक्टोबर

यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचे शोषण. पाण्यात कॉम्प्लेक्स टिकतो का ते पाहायचे. फॉस्फेट बफर वापरायचा नाही, झिंक फॉस्फेट होऊन खाली बसते. हेपीस हा बफर, पीएच ७.४, ३७ अंश, डीएमएसओ एक टक्का. सुरुवातीला कॉम्प्लेक्सचा पट्टा ३५५ नॅनोमीटरजवळ. तासातासाने तो उतरत गेला आणि २५५ व ३२५ जवळ नवे उंचवटे चढले. ते कुणाचे हे सांगायला यंत्राची गरज नव्हती: दुपारी क्युव्हेटचे झाकण काढले तर कडू बदामाचा वास. सॅलिसिलाल्डिहाइड.

तर शिफने सांगितलेली अभिक्रिया उलटी फिरते आहे. म्युलर-हिंटनमध्ये तर झिंकला ओढायला अमिनो आम्ले आणि पेप्टाइड्स भरपूर. झिंक एकीकडे, अल्डिहाइड दुसरीकडे. झोन दोघांचा मिळून असणार.

मॅडमना दाखवले. त्यांनी स्पेक्ट्रम उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "हे निगेटिव्ह नाही गं. हाच तुझा निकाल." उद्यापासून सुट्टी. आमच्या वाड्यावर नरकासुराचा सांगाडा उभा आहे, कागद चिकटवायला हात कमी पडतात म्हणे.

१२ नोव्हेंबर

एमआयसी (वाढ थांबवणारे सर्वांत कमी प्रमाण), ९६ विहिरींची प्लेट, विहिरीत शेवटी मिलिलिटरला ५ लाख पेशी. कॉम्प्लेक्स ब्रॉथमध्ये गढूळ होतो, त्यामुळे डोळ्यांनी वाढ वाचता येत नाही. रेझाझुरिन घातले: जिवंत पेशी त्याला निळ्यातून गुलाबी करतात. निळ्या विहिरींतून अगरवर ठिपके देऊन खात्रीही केली. मोलच्या हिशेबात स्टॅफवर कॉम्प्लेक्स आणि मिश्रण एकाच विहिरीला थांबले, झिंक ॲसिटेट एक पायरी मागे. दर वेळी निम्मे पातळ करत जाताना एका पायरीचा फरक म्हणजे फरक नव्हेच.

मैत्रिणीने एक गोष्ट लक्षात आणून दिली. झिंक म्हणजे जिवाणूंना विषच असे नाही. २००९ मध्ये जगापुढे आलेले एनडीएम-१ हे कार्बापेनेम प्रतिजैविके फोडणारे एंझाइम दोन झिंक आयनांवर चालते. ब्रॉथमध्ये झिंक किती, यावर त्या जिवाणूंचे एमआयसी हलते. उलट आपल्या पांढऱ्या पेशी कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन सोडून जिवाणूंपासून झिंक हिरावून घेतात. "मेदप्रिय झाले, आत गेले, मारले" यात हे सगळे कुठे बसवायचे?

२ डिसेंबर

पुढची पायरी ठरली. तुटतो तो C=N, तर तोच नको. लिगंड मेथॅनॉलमध्ये घेऊन सोडियम बोरोहायड्राइड चिमटीचिमटीने. फेस येतो, आणि पिवळा रंग बघता बघता धुऊन निघतो. पांढरी भुकटी. आयआरमध्ये १६३५ चा पट्टा नाही, ३३०० जवळ N-H ची बारीक टोकदार रेघ. ही पेलेट पहिल्याच फटक्यात स्वच्छ निघाली, कारण हवा आता कोरडी. उद्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी, जुन्या गोव्याच्या गर्दीमुळे बसचे हाल असतील. आजच झिंक घालून रिफ्लक्स आटपला.

१४ जानेवारी २०२६

नवा कॉम्प्लेक्स हेपीसमध्ये चोवीस तास ठेवला. स्पेक्ट्रम जवळजवळ हलला नाही, वास नाही. स्टॅफवर झोन १० मिमी. जुन्या कॉम्प्लेक्सपेक्षा लहान, आणि झिंक ॲसिटेटपेक्षाही. जुन्या १४ मधला काही वाटा अल्डिहाइडचा होता या म्हणण्याला हे धरून आहे. पण हा रेणू अगरमध्ये किती सरकतो हे मोजल्याशिवाय त्यापुढे जायचे नाही.

११ फेब्रुवारी

टायट्रेशन केली आणि नवे कोडे. एकास एक सूत्राला झिंक १९.५ टक्के हवे. माझे सलग २२.६. आयआर पुन्हा पाहिला: १५९० आणि १४२० ला ॲसिटेट हजर. दोन्हींतले अंतर १७०. डीकन आणि फिलिप्स यांच्या १९८० च्या निकषाने २०० च्या वर असते तर एका टोकाने बांधलेला म्हटले असते. सोडियम ॲसिटेटच्या १६४ जवळ म्हणजे बहुधा दोन झिंकमधला पूल. तीन झिंक, दोन लिगंड, दोन ॲसिटेट असे सूत्र मांडले तर २२.९ टक्के येते.

तसे असेल तर जानेवारीतली तुलनाही पुन्हा मांडावी लागेल. "५० मिलिमोलर कॉम्प्लेक्स" हा हिशेब मी एका रेणूत एक झिंक धरून केला होता. आता स्टॉक झिंकच्या मोलवर बनवायचा, जुना-नवा दोन्ही.

मॅडमनी प्रबंधाच्या शीर्षकात ‘जिवाणूरोधक क्रिया’च्या आधी ‘जलीय स्थैर्य’ घातले. शनिवारी पणजीत कार्निव्हल, रस्ते बंद, म्हणून स्फटिकांच्या व्हायल्स शुक्रवारीच लावून ठेवते. हा रेणू डेटाबेसमध्ये या रूपात सापडलेला नाही. या वेळी युनिट सेलवर थांबायचे नाही, पूर्ण डेटा घ्यायचा. यंत्राच्या रजिस्टरमध्ये २० तारखेला नाव लिहून आले आहे.